पहिल्या दिवशी दार कुणी उघडलं?

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या ह्यांचं ठाम मत आहे. त्यात खोटं काही नाही, पण ती अर्धीच गोष्ट. तो तीळ मुळात तोंडात येईपर्यंतही मला चैन पडत नाही. बसमध्ये पुढच्या सीटवरची मुलगी फोनवर कुणाला तरी रडत रडत काही सांगत असेल, तर तिचं लग्न मोडलंय की फ्रिज, हे कळल्याशिवाय माझ्याच्याने उतरवत नाही. माझा स्टॉप त्यापायी कित्येकदा मागे राहिला आहे. लंडनच्या हॅरो भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीत जन्म काढला. लोकांचे गुडघे वाकवता वाकवता मी त्यांच्या सुनांपर्यंत पोचत असे. ह्यांचं बरोबर उलटं. हे भूलतज्ज्ञ होते. समोरचा माणूस झोपेपर्यंतच ह्यांचा त्याच्याशी संबंध.

निवृत्त झाल्यावर मी एका संस्थेसाठी दुभाषाचं काम करायला लागले. घरकामासाठी या देशात आणलेल्या आणि मग घरातच कोंडून ठेवलेल्या बायकांना ही संस्था मदत करते. त्यातल्या काही मराठी असतात. माझ्या तिथल्या पहिल्याच दिवशी मला नियम सांगितला गेला: ती बोलेल ते सगळं सांगायचं, आणि ती बोलली नसेल ते काहीही सांगायचं नाही. नियमाचा पहिला अर्धा भाग मला फार सोपा गेला.

तिथे मला ती भेटली. नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. मूळची कऱ्हाडकडची, विधवा, वय माझ्याहून बरंच कमी. कपाळावर मात्र ठसठशीत टिकली, कुणी काही म्हणो. मुंबईतल्या एका घरात कामाला होती, त्या लोकांनी तिला इकडे आणलं. विमानतळावरच तिचा पासपोर्ट मालकांनी "नीट ठेवतो" म्हणून घेतला तो घेतलाच. किचनमध्ये वॉशिंग मशिनच्या शेजारी अंथरूण. पगार गावाकडे पाठवतो असं सांगायचे, गावाकडे पोचायचं काहीच नाही. बाहेर जायची परवानगी फक्त कचऱ्याचं बिन रस्त्यावर नेऊन ठेवण्यापुरती.

एका बिनच्या दिवशी तिने ते चाकांचं बिन फुटपाथला लावलं, त्याचं झाकण नीट बंद केलं आणि तशीच पुढे चालत गेली.

"झाकण का लावलंस?" मी विचारलं होतं. मला असले प्रश्न पडतात.

"कोल्ह्यांनी कचरा पसरला आसता न्हवं. शेजारच्यांनी काय घोडं मारलं हुतं?"

मी तिला ओळखायला लागले तोवर तिची केस निकालात निघाली होती आणि तिला राहायची परवानगी मिळाली होती. दुसरी एखादी बाई आता गप संसाराला लागली असती. हिने लढाई मांडली. घरकामासाठी आणलेल्या बाईला कागदोपत्री दुसरं घर धरता येतं, पण व्हिसाची मुदतच इतकी तुटपुंजी की जीव मुठीत धरून सुटलेल्या बाईला तेवढ्यात काम देणार कोण? हा नियम बदला, म्हणून ती इतर जणींबरोबर साडीवर एप्रन बांधून पार्लमेंटसमोर उभी राहते. चर्चच्या हॉलमध्ये, युनियनच्या सभांमध्ये भाषणं करते, मी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगते. पायात कायम पांढरे ट्रेनर्स. पळायची वेळ आली तर, असं म्हणते. स्वतःच्या भाषणावर ती भलतीच खूश असते. परत येताना मला विचारते, "आज टाळ्या कुठं जास्त पडल्या, ताई?"

मला वाटतं, माझ्यापेक्षा चौकस माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला तो हाच.

लायब्ररीतल्या त्या व्याख्यानाला तिनेच मला ओढून नेलं. विषय होता जुन्या काळी ऊसमळ्यांच्या बेटांवरून मालकांबरोबर लंडनला आलेल्या गुलाम बायका. बोलणारे प्राध्यापक इंग्रज, उंच, आवाजाने मऊ. मी तिच्या कानात कुजबुजत मराठी करत होते. त्यांनी एकीची गोष्ट सांगितली. ती एका सकाळी मालकाच्या घरातून बाहेर पडली. पुढे सभांमध्ये उभं राहून बोलायला लागली, की माणूस विकणं बंद करा. चळवळीतल्या पुरुषांना तिची हकिगत हवी होती, तिची मतं नको होती. मतं द्यायला ते होते. तर ती त्यांच्याशीही भांडली, की हकिगत माझी आहे तर मतही माझंच घ्या.

"बरोबर हाय," माझ्या शेजारून मोठ्यांदा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. हिचा हात वर. मला कोपराने ढोसून म्हणाली, "ताई, इचारा त्यांना. ज्या दिवशी ती भायेर पडली, त्या दिवशी गेली कुठं? दार कुणी उघडलं तिला?"

मी विचारलं. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे. इकडे "फार चांगला प्रश्न" म्हणाले की समजावं, उत्तर माहीत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे तसं सांगितलंही. तिने मालकाबद्दल सांगितलंय, बोटीबद्दल सांगितलंय, फटक्यांबद्दल सांगितलंय, पण त्या एका दिवसाबद्दल काही नाही. कदाचित विसरली असेल. कदाचित तिला कुणी विचारलंच नसेल.

बसमध्ये बसता बसताच ती म्हणाली, "इसरली म्हनं! त्यो दिवस कुनी इसरतंय व्हय? सांगितलं न्हाई तिनं."

"का पण?"

"आसंल काय तरी."

संधी साधून मी विचारलं, "आणि तुला कुणी उघडलं गं?"

इतकं मला माहीत होतं की बिन ठेवून ती चालत सुटली, मिळाली त्या बसमध्ये चढली, आणि दिवसभर ईलिंग रोडवरच्या देवळात बसून राहिली, कारण देवळात बसलेल्या बाईला कुणी हटकत नाही आणि प्रसादाला पोटभर मिळतं. पण संध्याकाळी देऊळ बंद होतं. पुढे कुणी तरी तिला घरी नेलं. कोण? त्या "कोण"शी येऊन तिची हकिगत दर वेळी थांबायची. संस्थेलाही तिने ते सांगितलेलं नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "चिप्स खायचे का? उतरल्यावर कोपऱ्यावर गरम मिळत्यात."

मी आडून विचारलं, उभं विचारलं, तिचा मूड बघून विचारलं. देवळातली झाडणारी बाई होती का? कुणी गुजराती आजी? तिने कधी रागावून उत्तर टाळलं नाही. दर वेळी काही तरी खायला सुचवायची. या प्रश्नापायी माझं वजन वाढलं.

त्या हिवाळ्यात तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. वेम्बलीत भाजी घेताना तिला एक बाई दिसली होती. पुढे मालकीण, मागे ती बाई, हातात बाळांची डबल बग्गी, थंडीत पायात मोजे घालून चपला. मालकीण पैसे देत असताना हिने तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली, तर तिने घाबरून बग्गीतल्या जुळ्यांची टोपरी सारखी करायला घेतली. टोपरी आधीच सारखी होती.

"मी वळकलं," ती म्हणाली. "तशी टोपरी म्या बी लई सारखी केलीत."

त्या मालकिणीला मीही ओळखत होते. आपल्याच मराठी मंडळातली. गणपतीला मोदकांची जबाबदारी घेणारी, बोलायला गोड. मी म्हटलं, पोलिसांना सांगूया. ती म्हणाली, पोलीस दारात गेले तर ती बाई मालकिणीसमोर काय सांगणार? सगळं छान आहे असंच सांगणार. ती स्वतःही तसंच सांगत आली होती. "भायेर पडाय काय लागतंय, ताई? दार उघडंच आसतंय. भायेर पडून जायाचं कुठं, तितं पाय आडतोय. तिला कुणी तरी ते सांगाय पायजे. तिच्याच बोलीत. आन् मालकीण नसताना."

मालकीण नसताना ती कशी भेटणार, हे कोडं होतं. मग मला आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं. हॉल वेम्बलीला, दोनेकशे बायका, आणि अशा मालकिणी बाळांना सांभाळायला घरी कामाला ठेवलेल्या बायकांना बरोबर घेऊन येतात. मी अध्यक्षीणबाईंना फोन करून विचारलं, एका कार्यकर्तीला पाच मिनिटं बोलू द्याल का?

"वहिनी, विषय काय आहे?" त्यांनी विचारलं.

"घरकाम करणाऱ्या बायकांचे हक्क."

"हळदीकुंकवात जरा हलकंफुलकं असतं हो. पण ठीक आहे. खेळ झाल्यावर आणि वाण वाटायच्या आधी. पाचच मिनिटं हं. आणि पॉलिटिकल काही नको."

मी तिला सांगितलं, सगळ्यांसमोर माइकवरून बोल, ती बाई हॉलमध्ये असेल, ऐकेल. तिला पटलं होतं असं मला वाटलं. ती नुसती हं म्हणाली होती.

त्या दिवशी स्टेडियममध्ये मॅच होती. वेम्बलीत मॅचच्या दिवशी गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. मी तिला हॉलच्या दारात सोडलं आणि म्हटलं, हो पुढे, आलेच. आणि मी फिरत राहिले. तोंडावर लाल मफलर गुंडाळलेल्या त्या गर्दीतून गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. शेवटी एका ओळखीच्या पेशंटच्या ड्राइव्हवेत गाडी घातली, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली (करावीच लागली), आणि पळत हॉलवर आले.

आत पैठण्यांचा नुसता झगमगाट. वाणाला यंदा कापडी पिशव्या होत्या, प्लास्टिक बंद म्हणून, आणि प्रत्येक पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. अध्यक्षीणबाई माझ्याकडे धावतच आल्या. "वहिनी, तुमच्या वक्त्या अजून आल्या नाहीत. आता काय करायचं?"

"आल्या नाहीत कशा? मी स्वतः दारात सोडलं."

"नाही हो. कुणीच आलं नाही. चहावाल्या मावशी तेवढ्या आल्या, त्यांना मी आत पाठवलं. बरं झालं वेळेवर आल्या, पाण्याचा मोठा अर्न तापून बसला होता."

सुती साडी, खोचलेला पदर, पायात ट्रेनर्स. दारात उभी. इतक्या बायकांत एकीलाही वाटलं नाही की ही पाहुणी असू शकते. मी तणतणत किचनमध्ये शिरले. आज अध्यक्षीणबाईंची कानउघाडणी करायची, माइकवरूनच करायची, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

किचनमध्ये ती भल्या मोठ्या पातेल्यातून चहा गाळत होती. आलं किसून टाकलेलं, वास घमघमत होता. भोवती तीन-चार बायका, बग्ग्या भिंतीला लावलेल्या, एका बग्गीत जुळी झोपलेली. चपलांतले मोजे मला लगेच दिसले. ती बाई हिच्या अगदी जवळ उभी राहून कपबशा मांडत होती आणि दोघी हलक्या आवाजात काही तरी म्हणत होत्या, एकदा ही, मग ती, मग पुन्हा ही. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं, "...तिथंच उतरवते भार," आणि बाकीच्या फिसकन हसल्या. उखाणे चालले होते.

"अगं, तुला इथे कुणी..." मी सुरुवात केली.

तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आई गं! "गप बसा ताई," ती माझ्या कानाशी म्हणाली. "मला एकदम बरोबर जागी पाठवलंय. तुमच्या माइकवर मालकिणी ऐकणार. ज्यांनी ऐकायचं, त्या सगळ्या हितं हैत."

मी गप्प झाले. माझ्या बाबतीत हे फार क्वचित होतं.

मग ती हात पुसत माइकवर गेली. चहावाल्या मावशी माइककडे निघाल्या हे बघून अध्यक्षीणबाईंनी आधी त्यांना अडवायलाच हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. त्यांचा चेहरा पाहून मला त्यांची दया आली. मंडळाची सेक्रेटरी, इथेच जन्मलेली, पेशाने वकील, माझ्याजवळ येऊन कळवळून म्हणाली, "ओ माय गॉड, काकी, आय ॲम सो सॉरी. ती आपला स्पीकर होता? माझा पण चूक आहे, मी तिला कोटसुद्धा विचारला नाही."

ती माइकवर म्हणाली, "चहा बरा झालाय का?"

हॉलभर "हो" झालं.

"मी आज पाव्हनी म्हणून आले हुते, पण चहा केला. ते काय वाईट न्हाई. मनात आलं म्हणून केला, आन् मनात आलं तवा थांबले. ह्या गावात अशी घरं हैत, तितं बाईला थांबता येत न्हाई. तिला मावशी म्हणत्यात. घरच्यासारखी ठेवलीय म्हणत्यात. आता मला सांगा, घरच्या बाईला तरी कुठं सुट्टी आसती? म्हणून मी म्हणते, सोडवायचं तर दोघींनाबी सोडवा. आमी पार्लमेंटम्होरं उभ्या ऱ्हातो, तुमीबी या. एप्रन आमी देऊ."

शेवटच्या वाक्याला लोक हसले. टाळ्या पडल्या, तिळगूळ वाटल्यावर पडतात तेवढ्या. मोदकवाल्या बाईही टाळ्या वाजवत होत्या. गाडीत बसल्यावर ती टाळ्यांबद्दल काही बोलली नाही, हे मला जरा चमत्कारिक वाटलं.

हिवाळा सरत आला होता, एका सकाळची गोष्ट. हे पेपर वाचत होते. आमचं पुढचं दार पिवळं आहे, हळदीसारखं पिवळं. ह्यांनी निवृत्तीनंतर हौसेने रंगवलं तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले होते, "आता चुकणार नाही कुणी." (खरा रंग मी सांगणार नाही, पिवळा असं धरून चाला.) पुढच्या खिडकीत माझी तुळस असते, थंडीत बाहेर तग धरत नाही म्हणून काचेच्या आत. तर बेल वाजली. मी दार उघडलं. दारात ती बग्गीवाली बाई उभी होती, चपलांत मोजे, हातात कचऱ्याची काळी पिशवी, तिला गाठ मारलेली. चढ चढून आल्यामुळे धाप लागलेली.

ती माझ्याकडे बघत होती, तुळशीकडे बघत होती, दाराकडे बघत होती. मग शाळेत कविता म्हणतात तसं तिने म्हटलं:

"टेकाड चढून उजव्या हाताला हळदीचं दार,
काचेआड तुळस डोलते, तिथंच उतरवते भार."

उखाणा. कागदावर लिहून दिलं असतं तर कुणाच्या तरी हाती लागलं असतं. म्हणून माझा पत्ता माझ्या ट्रेनर्सवालीने या बाईला उखाण्यात पाठ करून दिला होता, कोणती बस, कुठे उतरायचं ते वेगळं सांगून. भांडी घासताना गुणगुणायला सोपा. कुणी ऐकलं तर हसून सोडून देईल. आणि मला, पत्त्याच्या मालकिणीला, विचारलं नव्हतं. मी किचनमध्ये उभी राहून शेवटची ओळ स्वतःच्या कानांनी ऐकली होती, आणि मला स्वतःचं दार ओळखू आलं नव्हतं.

माझ्या घशाशी किती प्रश्न आले म्हणून सांगू. पिशवीत काय आहे? जुळी कुठे आहेत? मालकीण उठली होती का? येताना कुणी पाहिलं? मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते एवढंच, "या, आत या. चहा टाकते."

ती आत आली, चपला काढल्या आणि सरळ किचनमध्ये जाऊन पातेल्याला हात घातला. सवयीने. मला रडू कोसळलं. मी तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं, पण मला काही दिसेना. तेव्हा ह्यांनी पेपर ठेवला आणि उठून चहा केला. इतक्या वर्षांत ह्यांनी केलेला पहिला चहा. पाणचट, वर साय तरंगणारा, बिनसाखरेचा. तिने तो खुर्चीवर बसून, दोन्ही हातांत कप धरून, शेवटपर्यंत प्यायला. "साखर ऱ्हायली," ती म्हणाली, आणि हसली.

मी वरच्या खोलीत जाऊन ट्रेनर्सवालीला फोन लावला. "मला विचारायचं तरी होतंस!"

"इचारलं आसतं तर तुमी सगळ्या वेम्बलीला सांगितलं आसतं."

मी पलंगाच्या कडेवर बसले.

"आन् दार तर तुमी उघडलंच आसतं, ताई. मग इचारायचं ते काय?"

मी डोळे पुसले. रडताना सुद्धा माझा स्वभाव जात नाही. मी म्हटलं, "आता तरी सांग. तुला कुणी उघडलं होतं?"

"ठेवते ताई, बस आली."

पिशवीत वर बटाट्याची सालं होती, खाली दोन साड्या, एक स्वेटर आणि मुलीचा फोटो. संस्थेचे लोक दुपारी येऊन तिला भेटले. वकील मिळाला, राहायला सुरक्षित जागा मिळाली, पण त्यात काही दिवस गेले. तोवर ती आमच्या मधल्या खोलीत होती. एका संध्याकाळी ती वर झोपलेली असताना अध्यक्षीणबाईंचा फोन आला.

"वहिनी, ऐकलंत का? आपल्या मोदकवाल्यांकडच्या मावशी पळून गेल्या. कचरा टाकायला म्हणून गेल्या त्या गेल्याच. अगदी घरच्यासारखी ठेवली होती हो. कुणी तरी फूस लावली असणार. तुम्हाला काही कळलं का? तुम्हाला सगळं कळतं."

मला सगळं कळत होतं. माझ्या तोंडात अख्खा तीळ होता. समोर हे माझ्याकडे बघत होते, आणि भूल दिलेला पेशंट मध्येच उठेल की काय असे त्यांचे डोळे होते.

"नाही बाई," मी म्हटलं. "मला काही कल्पना नाही."

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "जमलं की."

त्या रात्री जेवताना मला एकदम ते प्राध्यापक आठवले, आणि दोनशे वर्षांपूर्वीची ती बाई. तिने फटके सांगितले, बोट सांगितली, आणि तो दिवस सांगितला नाही. विसरली नव्हती ती. तिला ज्या कुणी दार उघडलं, त्या माणसाला त्याच गल्लीत राहायचं होतं, त्याच मालकाच्या ओळखीच्या लोकांकडे कामाला जायचं होतं. आणि पुढे आणखी एखादी येईल, तिलाही ते दार लागणार होतं. मला इतके दिवस वाटत होतं की माझी ट्रेनर्सवाली माझ्याशी चिप्सवर वेळ मारून नेते आहे. ती एका दाराला जपत होती.

आता हे लिहायला त्या दोघींची परवानगी आहे. मोदकवाल्यांचं घर रिकामं झालं, ती माणसं मुंबईला परत गेली. दुसरीला इथे राहायची परवानगी मिळाली, तिची मुलगी रोज तिच्याशी व्हिडिओवर बोलते. नियम मात्र अजून बदललेला नाही. एप्रन अजून बांधले जातात. आमच्या अध्यक्षीणबाई गेल्या खेपेला स्वतः येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी घरून थर्मासमध्ये चहाही आणला. हे मी मनापासून सांगते, मला फार बरं वाटलं.

पण एक प्रसंग सांगायचा राहिला. तिच्या केसचा निकाल लागायच्या आधीचा. दुसरी पहिल्यांदाच एका चर्चच्या हॉलमध्ये आपली हकिगत सांगायला उभी राहिली होती. शेजारी मी, इंग्रजी करायला. शेवटच्या रांगेत ट्रेनर्स घातलेली ती, हाताची घडी घालून. दुसरी घाबरत घाबरत बोलली, पण सगळं बोलली. वॉशिंग मशिन, बग्गी, सालांखाली लपवलेल्या साड्या.

मग प्रश्न. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंचा हात वर झाला. खुर्चीच्या कडेला येऊन बसलेल्या, डोळे लकाकत होते. मी ते डोळे ओळखले. रोज आरशात बघते. त्यांनी विचारलं, त्या पहिल्या सकाळी तुम्ही गेलात कुठे? तुम्हाला दार कुणी उघडलं?

मी प्रश्नाचं मराठी केलं. दुसरीने माझ्याकडे बघितलं. मग मागे, शेवटच्या रांगेकडे. मग पुन्हा समोर.

"आठवत न्हाई," ती म्हणाली.

मी त्या बाईंकडे वळले आणि इंग्रजीत सांगितलं, "तिला आठवत नाही, असं ती म्हणते आहे."

बाई हिरमुसून मागे टेकल्या. भाषांतर अगदी बरोबर होतं, शब्दाला शब्द.